काळा दगड संपतो तिथलं सोनं

विनू आणि शालू, दोघांना अनेक आशीर्वाद.

नैरोबीला जायच्या आधी तुम्ही दोघं जेवायला बसलात की आजोबांच्या सोन्याची गोष्ट मागायचात, आणि मी ती नेहमी एकाच क्रमानं सांगायची. आजोबा शाळेतल्या मुलांना घेऊन सालबर्डीला सहलीला गेले. ओढ्याच्या वळणावरची वाळू त्यांनी माझ्या पितळी परातीत धुतली. तळाशी पिवळं काहीतरी चमकलं, ते तेजाबात विरघळलं नाही, म्हणजे सोनंच ठरलं. त्यांनी सरकारला कळवलं आणि सरकारी पुस्तकात त्यांच्याबद्दल एक ओळ छापून आली.

ही गोष्ट आता दुरुस्त करायला हवी. चार ओळींत करता आली असती, पण मग तुम्हांला वाटलं असतं की आजोबांचं काहीतरी गेलं, आणि तसं झालेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. लगेच लिहिते, कारण लोक काय बोलले त्यातले शब्द आठवड्याभरात माझ्या डोक्यातून पुसट होतात. आणि हे काम आजोबांवर सोपवलं तर ते शेवट आधी सांगतील.

निघण्यापूर्वी

छापलेल्या त्या ओळीचं पूर्ण सत्य मी तुम्हांला कधी सांगितलं नव्हतं. एका गावच्या शिक्षकानं सोनं सापडल्याचं कळवलं आहे, असं तिथं म्हटलं आहे खरं; पण पुढे लगेच म्हटलं आहे की त्याची खात्री पटलेली नाही. कलकत्त्याहून सरकारच्या भूगर्भ खात्याचे एक साहेब उन्हाळ्यात तपासायला आले होते. ते वळणावर थांबलेच नाहीत. कोरड्या ओढ्यात वरच्या अंगाला दोन-चार ठिकाणी खणून निघून गेले. त्यांना काही मिळालं नाही. आणि तुमच्या आजोबांना खात्री न पटण्याचे ते शब्द अठरा वर्षं दाताला अडकलेल्या बडीशेपेसारखे टोचत राहिले. अमरावतीच्या वाचनालयात पेन्शनर मंडळी जमली की कोणीतरी विचारायचंच, "काय मास्तर, सोनं काय म्हणतंय?" ते हसून उत्तर द्यायचे. घरी आल्यावर चहा घेताना बोलायचे नाहीत.

यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. तो पिकेपर्यंत शस्त्रक्रिया नको असं डॉक्टर म्हणतात. दूरचं माणूस त्यांना चालीवरून ओळखू येतं, चेहऱ्यावरून नाही. पौषात एका सकाळी ते म्हणाले, अजून थोडं दिसतंय तोवर एकदा ते वळण बघून येऊ. मी शाळेची मुख्याध्यापिका होते तेव्हा सहलीला निघताना सामानाची यादी करायची, तशी केली. त्यांनी स्वतःच्या हातानं तीनच वस्तू घेतल्या: भिंग, शाळेतलं जुनं लोहचुंबक, आणि ती छोटी काचेची कुपी, जिच्यात अठरा वर्षांपूर्वीचे कण आहेत.

मोर्शी

मोटारीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की माझ्या मांडीवर एका बाईनं परवानगी न विचारता वांग्यांची टोपली ठेवली आणि उतरताना त्यातली चार मला दिली. पुण्याला माझ्या माहेरी याला आगाऊपणा म्हणाले असते. चाळीस वर्षं वऱ्हाडात राहून मला आता तो शेजारधर्म वाटतो.

मोर्शीला आम्ही गणपतकडे उतरलो. गणपत माळी हा आजोबांचा जुना विद्यार्थी. त्याची गावाबाहेर संत्र्याची बाग आहे. ऐन बहाराचे दिवस होते. झाडं फळांनी इतकी वाकली होती की त्यांना बांबूचे टेकू दिले होते. हिरव्यावर पिवळं नुकतं चढत होतं. आजोबांना फळं दिसत नव्हती, पण वासावरून ते बरोबर झाडाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एक तोडलं. गणपत म्हणाला, "मास्तर, तुमी मले भूगोलात नापास केलं होतं. आता मीच तुमाले रस्ता दाखवून राहिलो."

"तेव्हा तू नर्मदा बंगालच्या उपसागरात नेली होतीस," आजोबा म्हणाले.

"नेली आसन. तिले काय फरक पडला?"

गणपतच्या बायकोनं आमची चार वांगी तुऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, लाकडी मुसळानं ठेचली आणि हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि कच्चं तेल घालून भरीत केलं. माझ्या माहेरी भरतात दही आणि चिमूटभर साखर असते. मी ते तिला सांगितलं. मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, आमच्याकडे कोणी आजारी असलं तर तसं करतात का. ज्वारीची भाकरी माझ्या हाताएवढी रुंद होती. मी दोन खाल्ल्या, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवते.

वळण

दुसऱ्या दिवशी गणपतच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आम्ही निघालो. मोर्शीपासून उत्तरेला जमीन काळी आणि सपाट आहे, कपाशी वेचून झालेली. समोर सातपुडा निळ्या पट्टीसारखा दिसत राहतो आणि बैल कितीही चालले तरी जवळ येत नाही. मग एकदम येतो.

वाटेत आजोबांनी गणपतला आणि मला जमिनीचा इतिहास सांगितला. तो मी तुम्हांला माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांची भाषा वर्गातल्या फळ्यासारखी आहे. असं समजा की एक जुना जाड तवा आहे. त्यावर कोणीतरी एकावर एक काळी धिरडी ओतत गेलं, एक थिजलं की दुसरं. ती धिरडी म्हणजे आपल्या वऱ्हाडाचा काळा पाषाण. तो पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या रसाच्या रूपानं येऊन थरावर थर थिजला आहे. अमरावतीला विहीर खणा, अकोल्याला खणा, धिरडंच लागतं. त्यात सोनं नसतं. सोनं असलंच तर खालच्या जुन्या तव्यात, पांढऱ्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, शिरांमध्ये. आणि सालबर्डीची गंमत अशी की तिथं जमीन उभी चिरली गेली आहे. चिरेच्या दक्षिणेची बाजू खाली बसली आणि उत्तरेची वर राहिली, त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यानं वरचे थर कापून काढले आणि तव्याचा काठ उघडा पडला. सबंध वऱ्हाडात जुना खडक असा उघडा क्वचितच दिसतो.

गणपत म्हणाला, "म्हंजे आमची जमीन धिरड्यावर हाये म्हना की. म्हनूनच संत्रं गोड."

आजोबांच्या आधीही तिथं माणसं येऊन गेली होती. गणपतनं वाटेत एक खड्डा दाखवला, विटांनी अर्धवट बांधलेला. कोणा मुंबईच्या कंपनीचे गोरे साहेब फार पूर्वी तिथं एक पावसाळा तंबू ठोकून राहिले होते. त्यांना पोतंभर चकाकणारे खडे मिळाले. त्यांनी मेजवानी केली. पुढे कळलं की ते सुवर्णमाक्षिक आहे, म्हणजे लोखंड आणि गंधक, पिवळं दिसणारं. साहेब गेले. खड्ड्याला गावात सायबाची विहीर म्हणतात. म्हशी त्यात बसतात. आम्ही गेलो तेव्हा तीन होत्या, आणि खाणीचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

गाव ओलांडून खाली उतरलो तो ओढ्याचं वळण आलं. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ. आणि वळणावर माणसं होती. दोन पालं, एक बैल, आणि पाण्यात ओळीनं वाकलेले चार-पाच जण, हातात रुंद उथळ लाकडी पात्रं, आपल्या काथवटीसारखी. ती गोल फिरवत, पाणी कडेनं सोडत ते काहीतरी धूत होते.

आजोबांना नीट दिसत नव्हतं. मी सांगितलं तसे ते दमणीतून जवळजवळ उडी मारून उतरले. त्यांचा चेहरा मी लग्नात पाहिला होता तसा झाला होता. "सोनं धुणारे," ते म्हणाले. "अगं, माझ्याच वळणावर. त्या साहेबानं हे बघायला हवं होतं."

त्या माणसांत जी मुख्य होती ती पन्नाशीची बाई, कौतिकाबाई, नवऱ्यामागे सगळं कुटुंब चालवणारी. आजोबांनी तिला विचारलं, इथं सोनं निघतं का. ती म्हणाली, "निंगते ना मास्तर. रोजच निंगते." आजोबांनी माझ्याकडे वळून मान हलवली. मला आठवलं, अठरा वर्षांपूर्वीही त्यांनी गावात हेच विचारलं होतं आणि गावानं हेच उत्तर दिलं होतं.

पण मुलांनो, मला घर नीट ठेवायची सवय आहे, आणि कुठंही गेले तरी मी आधी पसारा बघते. काठावर गोणपाटाची सहा पोती रांगेनं ठेवली होती. नदीतलं धुणाऱ्याला पोती कशाला? एकाचं तोंड उघडं होतं. आत राख, कोळशाचा चुरा, आणि मुशीचे फुटके तुकडे, सोनार ज्यात सोनं वितळवतात ते. मी विचारलं, हे काय.

"सराफ्याचा केर, बाई," कौतिकाबाई म्हणाली. "मोर्शी, वरूड, अचलपूर. सोनाराच्या दुकानातला झाडून आनतो, बट्टीतली राख आनतो. आमी झारेकरी. इथं धुतो, सोनं खाली बसते."

"किती वर्षांपासून?"

"माह्या सासऱ्याच्या बापापासून. दसरा झाला का येतो, होळीपयलं जातो. पानी आटलं का काय करता?"

अठरा वर्षांपूर्वी आजोबा उन्हाळ्याच्या तोंडावर आले होते, झारेकरी जाऊन महिना झाल्यावर. साहेब त्याहून उशिरा आले. ओढ्यात सोनं निघतं का असं दोघांनीही विचारलं. ते कुठून येतं हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगण्याची इथल्या लोकांना सवय नाही. गणपतही मोर्शीचा, पण या वळणावर तो कधी उतरला नव्हता. तो बैलांच्या मानेवरून हात फिरवत दुसरीकडे बघत राहिला.

मग आजोबांनी खिशातून कुपी काढली, भिंग काढलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "मला दिसायचं नाही," ते म्हणाले. "वाहत आलेला कण घासून गुळगुळीत झालेला असतो, चपट्या मसुरीसारखा. तू बघ आणि सांग."

मी कण माझ्या तळहातावर घेतले आणि उन्हात भिंगाखाली धरले. त्यातला एक वाटाण्याच्या वेलाच्या तणाव्यासारखा गुंडाळलेला होता. दुसऱ्यावर एका बाजूनं बारीक समांतर रेघा होत्या. सोनाराच्या दुकानात मी बांगड्या घासताना पाहिलं आहे. कानशीचा कीस असाच पडतो.

खरं सांगते, मी क्षणभर थांबले. हे घरातलं माणूस होतं आणि त्याला दिसत नव्हतं. मसुरीसारखा आहे असं म्हणायला मला एक वाक्य लागलं असतं. ते सुखानं घरी आले असते आणि तुमची गोष्टही जशीच्या तशी राहिली असती.

मी म्हटलं, "कानशीचा कीस आहे. दोन्ही."

त्यांनी कुपी परत घेतली, बूच लावलं, आणि पाण्याकडे पाठ करून एका दगडावर बसले.

रोडगे

ती दुपार मला जड गेली, पण वाईट गेली असंही म्हणता येत नाही. गणपतनं काठावर गोवऱ्या पेटवल्या आणि निखाऱ्यांत कणकेचे रोडगे पुरले. हे वऱ्हाडातलं उघड्यावरचं जेवण. कणकेचे गोळे राखेत भाजायचे, झटकून फोडायचे, वरून तूप सोडायचं, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. झारेकरी मंडळींनाही गणपतनं हाक मारली. त्यांनी त्यांच्याकडची मिरचीची चटणी आणली. ती खाऊन मी बोलू शकेना, आणि आजोबा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

कौतिकाबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरचं तोंड काहून उतरलं, बाई? कोनी गेलं का घरचं?"

मी तिला सगळं सांगितलं, सरकारी पुस्तकातली ओळ, वाचनालय, अठरा वर्षं. ती हसली नाही. तिनं भाकरीसारखा रोडगा तोडला, चावला, आणि मग आजोबांसमोर जाऊन उकिडवी बसली.

"अजी मास्तर, हे सोनं तं आमचंच व्हतं. पन नदीचं बी हाये. वरतं. काया दगड सरते ना, पांढरी रेघ लागते, तिथं माहा सासरा धुवे. पोट भरन एवढं नाई निंगत, म्हनून आमी सोडलं."

आजोबांनी मान वर केली. काळा दगड संपतो ती जागा तिनं आपण होऊन सांगितली होती. तिनं पुस्तक वाचलेलं नव्हतं.

ते म्हणाले, मला तिथं ने. ती म्हणाली, नेते, पण आमच्या घराण्याची एक रीत आहे. जी जागा बरीच वर्षं धुतलेली नाही, तिथं पहिल्या धुण्याला निघेल ते नदीला परत द्यायचं. ठेवायचं नाही. त्यानंतरचं आपलं. आजोबांनी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

पांढरी शीर

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं वर निघालो. पुढे कौतिकाबाई, डोक्यावर लाकडी पात्र आणि त्यात तिचं जादा लुगडं, मागे गणपतचा हात धरून आजोबा, शेवटी मी. ओढा दोन्ही बाजूंनी आवळत गेला. काठावर पळसाच्या कळ्या धरल्या होत्या. काळा दगड पायऱ्यापायऱ्यांनी सोबत येत होता, आणि मग एका ठिकाणी, खरोखर एका पावलाच्या अंतरात, तो संपला. पुढचा दगड करडा, ठिपक्याठिपक्यांचा, जुनाट. आजोबांनी त्यावर हात ठेवला आणि बोटांनीच वाचत पुढे गेले. "तवा," ते म्हणाले. "शाळेतल्या मुलांना मी वळणावरून परत फिरवलं होतं. पाव मैल वर आलो असतो तर."

तिथंच मी शेवाळावरून घसरले आणि कमरेपर्यंत पाण्यात बसले. माझी छत्री वाहत गेली ती गणपतनं धावत जाऊन पकडली. कौतिकाबाईनं मला एका खडकाआड नेऊन तिचं लाल लुगडं नेसवलं, गुडघ्यापर्यंत आवळून, घट्ट कासोटा घालून. मी बाहेर आले तेव्हा तिनं मला आपादमस्तक पाहिलं. "आता दिसून राहिल्या तुमी झारेकरीन. लुगडं नेसलं तं हात बी लावा." आणि पात्र माझ्या हातात दिलं.

पांढरी गारेची शीर खडकातून आडवी जात होती, मनगटाएवढी जाड. तिच्या खालच्या खबदाडीत गच्च बसलेली वाळू कौतिकाबाईनं बोटांनी उकरून पात्रात टाकली. मी फिरवायला लागले. आयुष्यभर तांदूळ धुतले आहेत, त्याचा उपयोग होईल असं मला वाटलं होतं. तांदूळ धुताना आपण पाणी टाकतो आणि दाणे ठेवतो. इथं जवळजवळ सगळंच टाकायचं असतं आणि तळाशी चिकटलेलं ठेवायचं असतं. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या पात्रात पात्रच उरलं.

"नदीनं धुतलं त्यापेक्षा साफ," कौतिकाबाई म्हणाली.

मग तिनं स्वतः घेतलं. तिच्या हातात ते पात्र श्वास घेतल्यासारखं हलत होतं. खडे गेले, वाळू गेली, शेवटी काळ्या बारीक रेतीची एक रेघ उरली. आजोबांनी लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यावरून फिरवलं आणि काळी रेती मुंग्यांसारखी त्याला चिकटून वर आली. लाकडावर तीन पिवळे ठिपके राहिले. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान.

आजोबांनी भिंग मला दिलं.

मी तीनदा पाहिलं, कारण मला पहिल्या वेळी स्वतःवर विश्वास बसला नाही. कडा गोल होत्या. पृष्ठभाग घासलेला, चपटा, रेघ कुठंच नाही. एकाला कोपऱ्यात पांढऱ्या गारेचा इवलासा तुकडा अजून चिकटलेला होता, जशी बी गराला चिकटते.

"मसुरीसारखे," मी म्हटलं. "तिन्ही. एकाला गार चिकटली आहे."

आजोबा तसेच उभे राहिले. मग खाली बसले आणि हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. गणपतही हसायला लागला, कशासाठी ते न कळता.

हसणं ओसरलं तेव्हा कौतिकाबाई पात्र धरून वाट बघत होती. तिनं काही आठवण करून दिली नाही. गणपतच्या लक्षात आलं, आणि तो वकिलासारखा पुढे झाला. पहिलं धुणं तर बाईंनी केलं, तो म्हणाला. त्यातलं सगळं नदीला गेलं. रीत पुरी झाली. हे दुसरं धुणं, हे मास्तरांचं.

कौतिकाबाईनं विचार केला. "बाईच्या धुण्यात सोनं व्हतं का नुसती रेती, कोनाले मालूम?" ती म्हणाली. मग आजोबांकडे पाहून, "मास्तरनं सांगाव. ते जे म्हनतीन ते."

कुपी आजोबांच्या कोटाच्या खिशात होती हे मला माहीत होतं. तीन कण, सरकारकडे पाठवायला पुरेसे. खात्री पटायला पुरेसे. मी मनात कागदावर मजकूरही मांडला होता. मी त्यांना म्हटलं, गणपतचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

ते म्हणाले, "मी तिला हो म्हटलं तेव्हा धुणं कोण करणार हे ठरलं नव्हतं. आपण निघेल ते परत देऊ म्हटलं होतं. हे निघालं."

"मग पुरावा?"

"काल तू मला कानशीचा कीस म्हणालीस ना," ते म्हणाले. "काल तू खोटं बोलली असतीस तर आज हे कण मला कलकत्त्याला न्यावे लागले असते. आता नाही लागत. आज तू मसुरीसारखे म्हणालीस, ते मला पुरे."

त्यांनी पात्र हातात घेतलं, चाचपत पाण्याच्या काठाशी गेले आणि ते वाकडं केलं. मला कण जाताना दिसले नाहीत. कौतिकाबाईनं पाण्याला हात लावून कपाळाला लावला.

मग तिनं न सांगता आणखी चार वेळा धुतलं. दुपारपर्यंत. एकही ठिपका निघाला नाही. "म्हनलं व्हतं ना, पोट भरत नाई," ती म्हणाली. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. ते उन्हात शिरेवर पाठ टेकून संत्रं सोलत होते आणि गणपतला नर्मदा कुठं जाते ते विचारत होते. गणपतनं या वेळी बरोबर सांगितलं.

माझं लुगडं वाळल्यावर मी कौतिकाबाईचं परत करू लागले तर तिनं घेतलं नाही. उलट माझी छत्री मागितली. तिला उन्हात काम करावं लागतं, त्यामुळे तिचा हिशेब बरोबर होता.

अमरावतीला परत आल्यावर

घरी येऊन आजोबांनी दुसऱ्याच सकाळी सरकारला पत्र लिहवून घेतलं. अक्षर माझं, शब्द त्यांचे. पहिल्या परिच्छेदात अठरा वर्षांपूर्वीचं आपलं म्हणणं मागं घेतलं आणि चूक कशी झाली, झारेकरी कोण, ते केव्हा येतात, हे स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदात पांढऱ्या शिरेची जागा, तीन कणांचं वर्णन, आणि ते ओढ्यात परत सोडल्यामुळे नमुना जोडता येत नाही हे लिहिलं. मी सुचवलं की दुसरा परिच्छेद गाळावा; नमुना नाही म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि लोक पहिल्यापेक्षा जास्त हसतील. ते म्हणाले, हसू देत, पण दोन्ही खरं आहे, दोन्ही जाईल. तसंच गेलं. उत्तराची आम्ही वाट बघत नाही.

वाचनालयात ते दुसऱ्या दिवशी गेले. कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारलाच. त्यांनी केराची सगळी गोष्ट स्वतःहून सांगितली, स्वतःवरचा विनोद एकही न गाळता. तासाभरानं ते घरी आले तेव्हा चहा थंड होईपर्यंत बोलत होते.

तेव्हा विनू आणि शालू, तुम्हांला कोणी विचारलं तर असं सांगा. वळणावरचं सोनं नदीचं नव्हतं. वरचं आहे. ओढा वाहतो आहे, काळा दगड संपतो त्या पावलावर पांढरी शीर आहे, आणि आम्ही पाहिलेले तीन कण तिच्या खालच्या पाण्यात कुठंतरी आहेत.

तुमची आजी